चहा नको म्हणण्याचे शास्त्र

प्रभंजन देवस्थळी हा अत्यंत सत्यनिष्ठ गृहस्थ आहे, असा निर्वाळा एका यंत्राने दिला, त्या दिवशी सर्वांत जबर धक्का बसला तो खुद्द प्रभंजन देवस्थळीला. त्याने फोनवरचा निकाल दोनदा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला आणि मग स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडला, "शरयू! अगं, मी शंभरात चौऱ्याण्णव! कोणाच्या तरी निकालाशी अदलाबदल झालेली दिसतेय."

थोड्या वेळाने शरयू बाहेर आली. तिच्याही हातात फोन होता.

"अदलाबदल झालेली नाही," ती म्हणाली. "माझाही आलाय. एकतीस."

प्रभंजन हसला नाही. हसण्यासारखे फार थोडे प्रसंग तो आजवर सोडीत आला होता; त्यांत ह्याची भर पडली.

कासच्या पठारावर पर्यटकांना फुले दाखवीत हिंडणे, हा प्रभंजनचा व्यवसाय. फुलांची शास्त्रीय नावे त्याला तोंडपाठ होती. परंतु सातारा सोडून घाट चढून आलेला पर्यटक नुसत्या नावांनी तृप्त होत नाही, हेही त्याने ओळखले होते. म्हणून प्रत्येक फुलामागे तो एकेक थाप जोडून देई. नवविवाहित जोडपे जवळ आले की तेरडा लाजून अधिक गुलाबी होतो. कंदीलपुष्पाच्या उजेडात पूर्वी डाकवाले लिफाफ्यांवरचे पत्ते वाचीत. लोक खो खो हसत आणि पुढची थाप मागत. त्यांना ठाऊक असे, आणि त्यांना ठाऊक आहे हे प्रभंजनला ठाऊक असे.

शरयूचा स्वभाव ह्याच्या नेमका उलट. ती वैधमापन खात्यात निरीक्षक होती. दुकानादुकानांतून जाऊन काटे तपासणे, प्रमाणित वजने लावून पाहणे आणि काटा खोटा निघाला की तो जप्त करणे, हे तिचे काम. मिठाईवाल्याने खोक्याचे वजन मिठाईत धरले, तर ती त्याला सोडीत नसे. आणि सरकारी पेन चुकून घरी आले, तर ते दुसऱ्या दिवशी परत नेल्यावाचून तिला चैन पडत नसे.

निकाल कोणत्याही दुसऱ्या कारणासाठी असता, तर दोघांनी त्यावर आठवडाभर थट्टा केली असती. परंतु ह्या निकालावर केतकी अवलंबून होती.

केतकी सहा वर्षांची. साताऱ्याबाहेरच्या एका शिशुसदनात राहत होती. दोघांनी तिला दत्तक घ्यायचे ठरवले होते, भेटी झाल्या होत्या, कागदपत्रे पुरी झाली होती. मागच्या भेटीत तिने शरयूच्या कानाशी लागून विचारले होते, "तुमच्या खिडकीतून डोंगर दिसतो?" शरयूने "दिसतो" म्हटले, आणि त्या दिवसापासून खिडकीपुढची कुंडी बाजूला सरकवून ठेवली होती. तेवढ्यात संगोपन मंडळाचा नवा नियम आला: दत्तक घेणाऱ्या दोघांनीही 'शीलदर्पणा'वर किमान साठ गुण मिळवले पाहिजेत. एकजण जरी कमी पडला, तरी दसऱ्यानंतर मूल यादीतल्या पुढच्या जोडप्याला दिले जाईल.

शीलदर्पण हे यंत्र तोवर चांगलेच रूढ झाले होते. नोकरीला, भाडेकरूला, नियोजित वराला, सर्वांना त्याच्यापुढे बसावे लागे. त्यामागचे शास्त्र थोडक्यात असे. मनुष्य खोटे बोलतो तेव्हा त्याला एकाच वेळी दोन कामे करावी लागतात: खरे आहे ते दाबून धरायचे आणि खोटे आहे ते उभे करायचे. ह्या दुहेरी कष्टाने नाडी किंचित बदलते, तळव्याला घाम येतो, श्वासाची लय मोडते, कपाळामागच्या भागात रक्त अधिक धावते. जुन्या यंत्रांना ह्यांतले थोडे कळे. शीलदर्पणाची कपाळपट्टी, मनगटातले कडे आणि छातीभोवतीचा पट्टा मिळून हे सारे एकदम टिपीत.

मात्र शरीरे सगळ्यांची सारखी नसतात. कोणाला मुळातच घाम फार, कोणाची नाडी मुळातच जलद. म्हणून प्रत्येकाची आधी 'पायारेषा' आखावी लागे. त्यासाठी अगदी साधे, ज्यांवर जगात कोणीही खोटे बोलणार नाही असे काही प्रश्न आरंभी विचारले जात. त्यांची उत्तरे देताना शरीर जसे असेल, ते त्या माणसाचे 'खरे' मानायचे. पुढच्या अवघड प्रश्नांना शरीर त्या रेषेपासून जितके ढळेल, तितके गुण कापायचे.

परीक्षा घरीच झाली होती. मैथिली जगदाळे नावाची तरुण परीक्षक यंत्राची पेटी आणि चहाचा थर्मास घेऊन आली होती. प्रभंजनला पट्ट्या बांधून तिने छापील प्रश्न वाचायला सुरुवात केली.

"सर, जेवण झालं?"

"कसलं जेवण! तुम्ही येणार म्हणून हिने सकाळपासून स्वयंपाकघर पुसून ठेवलंय. आत पाऊल टाकू देत नाही."

"चहा घेणार का?"

"द्या की. साखर असेल तर अजून एक चमचा."

"खुर्ची आरामशीर आहे?"

"एक पाय लंगडा आहे तिचा."

"येण्याने काही अडचण झाली?"

"कालपासून जळमटं काढतोय, ताई. मान धरलीय."

पुढे तिने विचारले, "आपण लोकांशी खोटं बोलता का?" तेव्हा प्रभंजन प्रसन्नपणे म्हणाला होता, "रोज. माझं पोट आहे त्याच्यावर." यंत्राचा पडदा हिरवागार राहिला होता, म्हणजे उत्तर खरे.

मग शरयू बसली होती, त्याच लंगड्या खुर्चीवर. कारण चांगली खुर्ची तिने आल्याबरोबर मैथिलीला दिली होती. तिची उत्तरे नेमकी, शांत आणि मोजक्या शब्दांत झाली होती. "आपण कामात कधी कोणाकडून लाच घेतलीत?" "नाही." आणि पडदा तांबडा झाला होता.

ह्या निकालाने पुढच्या काही आठवड्यांत दोघांच्या आयुष्यात जी उलथापालथ केली, तिला तोड नव्हती. गुण मंडळाच्या संकेतस्थळावर जाहीर होत. त्यामुळे ते गावभर झाले. शरयूच्या वरिष्ठांनी तिला "तूर्त, मॅडम, फक्त तूर्त" म्हणत तपासणीवरून काढून टेबलावर बसवले. कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्याने तिला पाहून गोड हसत विचारले, "काय बाई, ह्या खेपेला तुमचाच काटा खोटा निघाला म्हणे!"

प्रभंजनची अवस्था निराळ्या तऱ्हेने बिकट झाली. लोक त्याच्यावर विश्वास ठेवू लागले. दोन शेजाऱ्यांच्या कुंपणाच्या भांडणात त्याला पंच नेमण्यात आले. पठारावर त्याने तेरडा लाजतो असे सांगितले, तर कोणी हसेना. एका निवृत्त जोडप्याने तर वही काढून ते टिपून घेतले आणि बाईंनी भक्तिभावाने विचारले, "किती सेकंदांत लाजतो?"

"बाई, ती थाप आहे!" प्रभंजन काकुळतीला येऊन म्हणाला.

"चौऱ्याण्णव गुणांचा माणूस थापा मारील कसा?" बाई म्हणाल्या आणि त्यांनी वहीत 'विनयशील' असा शेरा लिहिला.

तो घरी येऊन हे सांगू लागला, तेव्हा शरयू खिडकीशी उभी होती.

"हस ना थोडं," तो म्हणाला. "एवढी फजिती झाली माझी."

"मी विचार करतेय, प्रभंजन. यंत्राला माझ्यात काहीतरी दिसलंच असेल. काटा उगीच हलत नाही."

"वेडी आहेस का तू? रस्त्यात सापडलेलं दुसऱ्याचं नाणं तू पोलीस चौकीत नेऊन दिलंस!"

"तेच तर. इतका आटापिटा कोण करतं? आतून खोट असल्याशिवाय?"

जिने आयुष्यभर उपकरणांच्या बाजूने माणसांशी भांडण केले, तिला आता उपकरणाच्या विरुद्ध स्वतःची बाजू घेता येत नव्हती. प्रभंजनला त्या यंत्राचा पहिल्यांदाच खराखुरा राग आला.

मंडळाकडे फेरतपासणीचा अर्ज केला होता. तोवर सराव म्हणून शरयूने ठरवले की, आजपासून कणभरही असत्य बोलायचे नाही. परिणाम भयंकर झाले. जावेने नव्या पडद्यांविषयी विचारले, तिला "रंग अंगावर येतो" हे उत्तर मिळाले. जाऊ तेव्हापासून फोन उचलीना. आणि मग एका संध्याकाळी दोघे शेजारच्या कुमुदवहिनींकडे त्यांची किल्ली परत करायला गेले.

कुमुदवहिनी बाहेर निघण्याच्या घाईत होत्या. एका हातात पर्स, एका पायात चप्पल. तरीही रिवाजाप्रमाणे त्या म्हणाल्या, "बसा ना! चहा टाकते."

शरयू म्हणाली, "टाका. मला हवाच आहे."

कुमुदवहिनींचा चेहरा असा झाला, की जणू घराची भिंतच बोलली. "हो का? अगंबाई... हो, टाकते की... दूध पाहते हं," असे पुटपुटत त्या एका पायात चप्पल घालूनच आत गेल्या.

प्रभंजनने रुमाल तोंडात कोंबला. जिन्यात येईपर्यंत त्याने हसू कसेबसे आवरले आणि मग तो पायरीवर बसून पोट धरून हसला. "अगं, हो काय म्हणतेस! त्यांनी 'टाकते' म्हणायचं आणि आपण 'नको नको, आत्ताच झाला' म्हणायचं. एवढंही..."

तो एकदम थांबला.

"शरयू, त्या मैथिलीने थर्मासमधला चहा विचारला, तेव्हा तू काय म्हणालीस?"

"नको, आत्ताच झाला."

"झाला होता?"

"कुठला! पहाटेपासून पाण्याचा घोट नव्हता. पण ती बिचारी स्वतःसाठी घेऊन आलेली. तिचा चहा कसा पिणार?"

"आणि जेवण?"

"झालं म्हटलं. नाहीतर ती थांबून राहिली असती."

"खुर्ची? अडचण?"

"छान आहे म्हटलं. अडचण कसली म्हटलं. दुसरं काय म्हणतात घरी आलेल्या माणसाला?" ती चिडली. "ह्याला कोणी खोटं म्हणत नाही, प्रभंजन. ही रीत आहे."

"रीत आहे हे तुला माहीत आहे. तुझ्या नाडीला माहीत आहे का? भुकेल्या पोटाने 'जेवले' म्हणताना तिला कष्ट पडलेच असतील ना?"

हळूहळू शरयूच्या चेहऱ्यावर एक असे तेज चढले, जे प्रभंजनने खोटा काटा सापडल्यावर अनेकदा पाहिले होते.

"प्रमाण वजनच खोटं!" ती म्हणाली. "प्रभंजन, त्यांनी काटा शून्यावर आणताना पारड्यात आधीच धोंडा ठेवला. माझी चारही उत्तरं खोटी आणि ते त्यांनाच माझं 'खरं' समजले. मग मी खरं बोलले की काटा ढळणारच! ज्यांनी हे प्रश्न काढले, त्यांना वाटलं, चहा आणि जेवण ह्यांवर कोण खोटं बोलेल?"

"आणि आपण तर दुसऱ्या कशावर एवढं खोटं बोलतच नाही," प्रभंजन म्हणाला.

वरून कुमुदवहिनींचा आवाज आला, "अहो, चहा झाला हो!" दोघे निमूटपणे वर गेले आणि बिनदुधाचा चहा पिऊन आले.

फेरतपासणीला मंडळाचे शास्त्रीय सल्लागार डॉ. हेरंब सबनीस पुण्याहून जातीने आले. गृहस्थ विद्वान, वागायला अत्यंत आदबशीर, आणि बोलण्यात यंत्राविषयीचा अभिमान न लपणारा. सोबत मैथिली होतीच. वाटेत घाटात वाहतूक खोळंबल्यामुळे दोघे दुपार उलटल्यावर पोहोचले. त्याच वेळी स्वयंपाकघरातून थालीपिठांचा खमंग वास दरवळत होता. ही कामगिरी प्रभंजनची.

"हजारो माणसं तपासली आहेत आम्ही, देवस्थळीबाई," डॉक्टर म्हणाले. "शीलदर्पण क्वचितच चुकतं."

"असेल," शरयू म्हणाली. "पण आमच्या खात्यात नियम असा, की तक्रार आली तर मालाआधी काटा तपासायचा. त्यावर माहीत असलेलं वजन ठेवून पाहायचं. तसं ज्याचं खरं आधीच माहीत आहे, असा एखादा माणूस आधी बसवावा, एवढीच विनंती आहे."

"असा माणूस कोण?"

"आपण. आपलं नाव आणि हुद्दा तरी खरा आहे ना?"

डॉक्टर दिलखुलास हसले. "जरूर! मैथिली, बांध पट्ट्या. छापील प्रश्नच विचार, एक शब्द बदलू नकोस."

मैथिलीने कागद घेतला. "सर, जेवण झालं?"

"हो, हो. वाटेतच उरकलं."

आतून तव्यावरचे थालीपीठ उलटल्याचा चर्र आवाज आला. डॉक्टरांनी आवंढा गिळला.

"चहा घेणार का?"

"छे, छे. उगीच तसदी नको."

"खुर्ची आरामशीर आहे?"

"उत्तम आहे!" डॉक्टर त्या लंगड्या खुर्चीवर तोल सावरीत म्हणाले.

"येण्याने काही अडचण झाली?"

"अडचण कसली? आनंदच आहे."

"पायारेषा आखली गेली, सर. आता मुख्य प्रश्न. आपलं नाव हेरंब सबनीस?"

"हो."

पडदा तांबडा झाला.

"आपण मंडळाचे सल्लागार आहात?"

"आहे!"

तांबडा.

"शीलदर्पण हे यंत्र विश्वासार्ह आहे, असं आपल्याला मनापासून वाटतं?"

"अर्थातच वाटतं!" डॉक्टर जवळजवळ ओरडले, आणि पडदा असा लाल झाला की मैथिलीने तो हळूच पालथा केला. तिचे खांदे हलत होते.

"किती?" डॉक्टरांनी क्षीण स्वरात विचारले.

"एकोणीस, सर."

तेवढ्यात डॉक्टरांच्या पोटाने एक दीर्घ, निःसंदिग्ध आवाज काढला. त्या दिवसातले ते पहिले सत्य होते. प्रभंजनने मुकाट्याने पट्ट्या सोडवल्या आणि थालीपीठ, लोणी, दही असे ताट पुढे मांडले. "नको, नको," डॉक्टर सवयीने म्हणाले, स्वतःशीच थबकले, आणि मग एवढे मनमोकळे हसले की त्यांच्याविषयीचा प्रभंजनचा राग तिथेच विरघळला. मैथिलीसाठी दुसरे ताट आले.

तिसऱ्या थालीपिठानंतर मात्र त्यांच्यातला शास्त्रज्ञ जागा झाला. "बाई, चूक मान्य. पण ती प्रश्नांची चूक आहे, यंत्राची नव्हे. पायारेषेचे प्रश्न बदलतो. 'आज वार कोणता' असं विचारतो. मग तर यंत्र बिनचूक होईल?"

"काटा बिनचूक होईल," शरयू म्हणाली. "म्हणजे वजन बरोबर सांगेल. पण डॉक्टरसाहेब, नासका बटाटाही किलोला किलो भरतो. काट्याला माल कळत नाही."

"म्हणजे?"

"असं पाहा. त्या दिवशी ह्याच खुर्चीवर बसून मी चार खोटी उत्तरं दिली. चारही मैथिलीला त्रास होऊ नये म्हणून. आणि ह्याने," तिने प्रभंजनकडे बोट केले, "चार खरी उत्तरं दिली. चारही स्वतःच्या पोटाची आणि मानेची."

"अगं, पण..." प्रभंजन म्हणाला.

"गप्प बस. तुमचं यंत्र उद्या हे सगळं अचूक सांगेलही. कोण खरं बोललं, कोण खोटं. पण त्यावरून कोणाच्या घरी मूल द्यायचं, हे त्याला कसं कळणार? खरं कशासाठी आणि खोटं कोणासाठी, ते कुठल्या घामात उमटतं?"

डॉक्टरांनी ताटातले उरलेले लोणी एका कडेला गोळा केले. "मग माणसाचं शील ओळखायचं तरी कसं, बाई?"

"पूर्वी ओळखत तसंच. येऊन, जाऊन, बसून. वेळ घालवून. तोच वाचवायला गेलात तुम्ही."

डॉक्टरांनी आणखी एक थालीपीठ मागून घेतले. जाताना दाराशी ते म्हणाले, "बाई, हे चौथं मी रीत म्हणून नाही, मनापासून खाल्लं. नोंद घ्यावी."

पुढल्या आठवड्यात मंडळाने गुणांची अट स्थगित केली. त्याऐवजी एक वयस्क समाजसेविका चार-पाच रविवार येऊन बसल्या, गप्पा मारल्या, शरयूने निवडलेली पालेभाजी आणि प्रभंजनने सांगितलेल्या थापा दोन्ही बारकाईने पारखल्या आणि "घर बरं आहे, नवरा जरा जास्त बोलतो," असा अहवाल देऊन मोकळ्या झाल्या. शरयू पुन्हा तपासणीवर गेली. पहिला काटा तिने मिठाईवाल्याचाच तपासला. पठारावर प्रभंजनने आपले चौऱ्याण्णव गुण रद्द झाल्याचे स्वतः जाहीर केले, तेव्हा पर्यटक पुन्हा हसू लागले.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी केतकी आली. अंगात नवा फ्रॉक, हातात छोटी पिशवी. आल्या आल्या ती खिडकीशी गेली, अजिंक्यताऱ्याचा डोंगर जागेवर असल्याची तिने खात्री करून घेतली आणि मग पाहुण्यासारखी खुर्चीच्या अगदी कडेवर बसली. खुर्ची तीच होती, ती डुगडुगली.

"ती खुर्ची मोडकी आहे गं, इकडे बस," शरयू म्हणाली.

"नाही, छान आहे," केतकी म्हणाली.

शरयूने प्रभंजनकडे पाहिले. प्रभंजनने शरयूकडे पाहिले.

टेबलावर बेसनाच्या लाडवांची ताटली होती. केतकीची नजर एकदा तिच्यावर गेली, डोंगराकडे वळली आणि पुन्हा तिथेच आली.

"भूक लागलीय का?" शरयूने विचारले.

"नाही. जेवून आले."

"एखादा लाडू?"

"नको," केतकी गंभीरपणे म्हणाली. "पोट भरलंय."

एवढे बोलताना तिने आवंढा गिळला. कपाळपट्टी नव्हती, कडे नव्हते, पट्टा नव्हता. तरी शरयूला जे कळायचे ते कळले. तिने न बोलता दोन लाडू बशीत घालून केतकीच्या मांडीवर ठेवले. केतकीने बशीकडे पाहिले, मग एखाद्या पोक्त बाईसारखी मान हलवली.

"एवढे कशाला?" ती म्हणाली, आणि पहिला लाडू अर्धा तोंडात गेला.

प्रभंजन आनंदाने टाळी वाजवून उठला. "शरयू, ही तर साफ नापास!"

"होणारच," दुसरी बशी काढीत शरयू म्हणाली. "आपल्याच घरची आहे."